गजूच्या वाट्याच्या शिव्या

आमच्या घरात पहाट गिरणीच्या भोंग्यानं व्हायची आणि सकाळ मायच्या शिव्यांनी. भोंगा झाला की बाबा डबा सायकलला अडकवून निघत. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले की माय आमच्याकडे वळायची. "उठतो का रे, मुडदा बशिवला तुहा! दिवस डोक्यावर आला अन् हा मेल्यावानी निजून राहिला!" हे गजूला. गजू म्हणजे माझा धाकटा भाऊ गजानन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मग माझा नंबर, "अन् तू वं सुमे, तुह्या त्या वेणीले आग लागो, तिकडं नळ चालला जाईन." गजू डोळे न उघडता हसायचा आणि अंगावरची गोधडी आणखी वर ओढायचा, कारण पहिल्या शिवीला उठायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या शिवीत आमच्या सात पिढ्या आल्या की मग उठायचं. नागपूरच्या महाल भागातल्या त्या चार बिऱ्हाडांच्या अंगणात नळ एकच होता. त्याच्यापुढे बादल्यांचा खडखडाट चालू असायचा, कुणाच्या तरी चुलीवर ज्वारीची भाकर फुगत असायची, आणि या सगळ्यावर मायचा आवाज असायचा.

नागपूरकडच्या बायकांच्या तोंडी शिव्या असतातच, त्यात नवल नाही. पण माय त्या घडवायची. आमच्यावर चिडलेली असली तर साध्या, रोजच्या वापरातल्या. मनातून खूश असली तर लांबलचक आणि नटवलेल्या. गजू शाळेत कवायतीत पहिला आला त्या दिवशी तिनं त्याची तिरडी सजवली, खांदेकरी ठरवले, मसणापर्यंत वाजंत्री लावली, आणि हे बोलता बोलता त्याच्या भाकरीवरची तिळाची चटणी भिजून जाईल इतकं तेल सोडलं. "गीळ मेल्या, गीळ. पुन्हा मागतलं तं तोंडात माती घालीन." पुन्हा मागितलं की पुन्हा मिळायचं. तोंड एक बोलायचं आणि हात दुसरंच करायचा, आणि आम्ही जन्मापासून हाताकडे बघायला शिकलो होतो.

पुढे मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. शब्दाचा वाच्यार्थ निराळा आणि लक्ष्यार्थ निराळा, हे फळ्यावर लिहिताना दरवर्षी माझ्या ओठांवर मायचं एखादं वाक्य यायचं आणि मी ते गिळायचे. पुस्तकातली उदाहरणं फार सोवळी असत. त्यात कुणी कुणाला मसणात धाडून वर तेल वाढत नसे.

मायच्या या भाषेत भीतीचा शब्द एकच होता, आणि तो म्हणजे 'बाळा'. तो आम्ही दोनदा ऐकला होता. मायचे वडील वारल्याचा सांगावा आला तेव्हा तिनं आम्हा दोघांना जवळ घेऊन म्हटलं होतं, "बाळा, तुहे आजोबा गेले." आणि माझा कान फुटून पू थांबेना, डॉक्टर कान चिरावा लागेल म्हणाले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, "भेऊ नको, बाळा." मी त्या एका शब्दानं जितकी भ्याले तितकी डॉक्टरच्या सुरीनं भ्याले नसते. मायनं गोड बोलायला सुरुवात केली की काहीतरी जायचं, हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी शेजारच्या बिऱ्हाडात दातारकाकू आल्या. काकांची पुण्याहून नागपूरच्या कचेरीत बदली झाली होती. काकू स्वच्छ, बारीक आवाजाच्या, पायपुसण्यालाही 'जरा सरका' म्हणतील अशा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मायचं सकाळचं बोलणं ऐकलं आणि हातातली दुधाची पातेली घेऊन तशाच आत गेल्या. नंतर त्यांनी मला हळूच विचारलं, "सुमन, तुमची आई सख्खीच ना गं?" मी हे मायला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

उन्हाळा होता. नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला तो सांगायला नको आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. पोरं बाहेर निघाली की आया त्यांच्या खिशात कांदा ठेवत, लू लागू नये म्हणून. गजूच्या खिशातला कांदा संध्याकाळपर्यंत पिचून जायचा आणि चड्डीला वास राहायचा. त्याला वेड होतं ते नाक्यावरच्या गाडीवरल्या बर्फाच्या गोळ्याचं. गाडी नालीला लागून उभी असे आणि गाडीवाला बर्फ गोणपाटात गुंडाळून खालीच ठेवायचा, म्हणून मायनं ते खायला बंदी केली होती. एका तिन्हीसांजेला गजू लाल ओठ घेऊन अंगणात शिरला. मायनं त्याला बखोटीला धरलं. "खाल्ला नं? नालीतला बरफ खाल्ला नं? जाय, आणखी खाय! खाय अन् मर तिकडं! तुह्या नावानं एकदाची आंघोळ करून मोकळी होतो मी!"

दातारकाकू तुळशीपुढे दिवा लावत होत्या. त्या हात तसाच वाऱ्याला आडवा धरून म्हणाल्या, "अहो सुमनच्या आई, तिन्हीसांजेला असं बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"भाड्याची वास्तू आहे, बाई," माय म्हणाली. "तथास्तु म्हणाली तं घरमालकाले लागन." अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. काकूही थोड्या हसल्या. गजू बखोटी सोडवून पळाला.

दीडेक आठवड्यानं त्याला ताप आला. आधी वाटलं ऊन लागलं. मायनं कैरीचं पन्हं पाजलं, कांद्याचा रस तळपायाला चोळला. ताप उतरेना, उलट रोज एक पायरी चढावी तसा चढत गेला. गल्लीतले डॉक्टर सायकलवरून आले, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "मोतीझिरा आहे. मुदतीचा ताप. गोळ्या देतो, पण मुदत काढावी लागेल." आमच्या गल्लीत त्याआधी मोतीझिऱ्यानं एक पोरगी गेली होती, तिच्या फ्रॉकचा रंगसुद्धा मला आठवत होता. मुदत या शब्दाला पुढे दुसरं टोक असतं की नाही, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि आमचं घर गप्प झालं. सकाळी भोंगा व्हायचा, बाबा जायचे, आणि त्यानंतर काहीच व्हायचं नाही. मी आपली आपण उठायचे. माय गजूच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत असायची. नळावरच्या बायका बादल्या आपटायच्या नाहीत. घरात उकडलेल्या मुगाच्या पाण्याचा आणि औषधाचा वास भरून राहिला होता, आणि मला तो आवाज हवा होता, कुणीतरी माझ्या वेणीला आग लावायला हवी होती. त्याऐवजी माझ्या कानांवर पडलं ते, "बाळा, एवढी गोळी घे. घे, माह्या राजा."

गजूनं गोळी घेतली. माय पाणी आणायला उठली तसं त्यानं माझं मनगट धरलं. त्याचा हात पोळत होता.

"ताई, मी मरून राहिलो का वं?"

"नाही रे. काही बी बोलतो."

"मंग माय मले बाळा काहून म्हणून राहिली?"

 मी फडकं बुचकळून आणायला म्हणून उठले आणि मोरीत जाऊन रडले. तो उगाच विचारत नव्हता. आमच्या घरात त्या शब्दाचा जो अर्थ होता तोच त्यानं लावला होता, आणि मीही तोच लावत होते.

मायच्या मनात काय चाललंय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दातारकाकू मऊ भात घेऊन आल्या होत्या. मायनं वाटी घेतली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "बाई, तुमी म्हणलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. मी त्याले मर म्हणलं. ह्याच तोंडानं म्हणलं."

काकूंचा चेहरा उतरला. "अहो, ती आपली बोलायची रीत असते. मी सहज म्हटलं. तसं खरं का असतं?"

"माही शिवी बी रीतच होती नं, बाई," माय म्हणाली. "दोन्ही रीतीच होत्या, तं मंग माहा पोरगा काहून तापला?"

काकू तिथेच उभ्या राहून रडू लागल्या आणि माय त्यांच्याकडे कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिली. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलेलं नाही. बर्फ, नाली, जंतू हे सगळं शास्त्र मला पाठ आहे. पण ते मायला त्या उंबऱ्यात कुणी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

बेसा, आत्याबाईचं गाव, तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं. आता मी तिथंच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि खाली जिथं मोटारी लागतात तिथं कदाचित आत्याबाईची तूर असेल. आत्याबाई, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिथून बैलगाडीनं आली, गजूला पाहिलं, आणि मायला म्हणाली, "मातामायले नवस बोल. पर नारळानं भागत नाही वं अशा वक्ताले. जे लय आवडीचं असन ते सोडा लागते." आमच्याकडे हा रिवाज आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी आंबा, आत्याबाईनं स्वतः नवऱ्याच्या दुखण्यात चहा सोडला होता आणि पुन्हा कधी तोंडाला लावला नव्हता. माय मला घेऊन गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबाखाली गेली. तिथं शेंदूर फासलेले दगड होते, ती मातामाय. मायनं हळद वाहिली, डोकं टेकवलं. मला वाटलं ती वांगं सोडणार, भरीत तिच्या जिवाचं होतं. पण ती म्हणाली, "माय, माह्यापाशी लय काही नाही. ही जीभ आहे. आजपासून माह्या गजूले एक वाईट सबद बोलनार नाही. बोलली तं त्याले ने."  ती आता शिवी देत नव्हती, करार करत होती, आणि यातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरायचा होता.

ताप उतरला. गोळ्यांनी उतरला असं मी म्हणते, माय म्हणायची मातामायनं ऐकलं. आम्ही त्यावर पुढे कधी भांडलो नाही. गजू काटकीसारखा झाला होता, केस गळले होते, पण भूक लागली म्हणून ओरडू लागला. बाबांनी त्याला खांद्यावर बसवून अंगणात फिरवलं. नळावर पुन्हा बादल्या आपटू लागल्या आणि एके दिवशी मायनं माझ्या नावानं पहिली शिवी हासडली. मी इतकी खूश झाले की पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मुद्दाम पाणी सांडलं. मला वाटलं, सुटलो.

पण गजू सुटला नव्हता. माय मला शिव्या द्यायची, बाबांना द्यायची, नळाला, मांजराला, रेशनच्या तांदळाला द्यायची, आणि गजूकडे वळली की तिचा आवाज एकदम खाली यायचा. "उठ बाळा. जेव बाळा." नवसाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, नवस बोलून दाखवला की फळत नाही म्हणतात, म्हणून मायनं माझ्याकडून शपथ घेतली होती. तो बिचारा पाहुण्यासारखा घरात बसायचा. मग त्यानं प्रयत्न सुरू केले. शाळा बुडवली. नवा माठ फोडला. एकदा तर मायच्या देखत बर्फाचा गोळा चोखत आला. मायचा चेहरा लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ हलले, आणि बाहेर पडलं ते, "असं करू नये, बाळा." गजूच्या हातातला गोळा खाली पडला. त्या दुपारी त्यानं मला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग. डॉक्टरनं सांगतलं नं, मी काही जगत नाही म्हणून? तुमी सगळे मले लपवून राहिले." मी शपथेत अडकलेली. नाही नाही म्हणत राहिले आणि माझं नाही त्याला खोटं वाटत राहिलं.

पाऊस तोंडावर आलेला, हवा कोंडलेली, अशा एका दुपारी अंगणात आरडाओरड झाली. मी धावत बाहेर आले तर गजू गच्चीच्या कठड्यावर उभा. कठडा वीतभर रुंद, खाली दगडी अंगण. आजारानं बारीक झालेले त्याचे पाय थरथरताना खालून दिसत होते. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दातारकाकू देवाचं नाव घेत होत्या. माय हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि वर पाहून जागच्या जागी थिजली.

"बाळा," ती म्हणाली. "खाली ये, माह्या राजा."

तो आणखी एक पाऊल सरकला. "नाही येत."

"ये नं, बाळा."

"तसं नको म्हणू!" गजू वरून किंचाळला, रडत किंचाळला. "तसं काहून म्हणतं तू मले? मी मरतच आहो तं मरतो आत्ता!"

मी मायकडे पाहिलं. तिच्या छातीतून वर आलेली शिवी मला दिसत होती, इतकी मी तिला ओळखत होते. एक शिवी, फक्त एक, आणि तो उतरला असता. आणि ती दिली की मातामाय त्याला नेणार. कठड्यावरून नेणार. मायनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, गालांना पीठ लागलं, आणि ती गुदमरल्यासारखी उभी राहिली. त्या क्षणी मला माझ्या आईची जितकी दया आली तितकी नंतर ती मरताना आली नाही.

मग तिनं हात काढले आणि गर्रकन माझ्याकडे वळली.

"सुमे!" साऱ्या महालाला ऐकू जाईल असा तो आवाज. "मुडद्या तोंडाची, उभी काय राहिली वं! त्या कठड्यावर चढली तू? टांगा तुटल्या का तुह्या? तुहं मढं त्या गच्चीवरून खाली काढा लागन का मले? उतर! उतर आत्ताच्या आत्ता, नाही तं तुही चामडी सोलून तिच्या चपला करतो अन् तुह्याच बापाले घालतो!"

मी अंगणात तिच्यासमोर उभी होते, कठड्यावर नव्हते. तिचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे वर. बायका चक्रावून माझ्याकडे बघू लागल्या. लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी पुढे शेकडो मुलांना समजावली, पण तिचा एवढा जीव ओतून केलेला उपयोग पुन्हा कुठं पाहिला नाही. माय थांबली नाही. माझी तिरडी बांधली, माझ्या नावानं पिंड ठेवला, त्याला कावळाही शिवू दिला नाही. गच्चीवर गजूनं नाक ओढलं. त्याचं ऐकणं मला खालून कळत होतं. एकेक शिवी तो मोजून घेत असावा. मग तो सावकाश वाकला, कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि आतल्या बाजूला उतरला. काही वेळानं जिन्यात त्याची पावलं वाजली. तो येऊन मायच्या शेजारी उभा राहिला, आणि माय माझ्याकडे बघत शिव्या देत राहिली, आणि तिचा पिठाचा हात त्याच्या मानेवर घट्ट बसला होता.

त्यानंतर आमच्या घरात तशीच वहिवाट पडली. गजूच्या चुकीच्या शिव्या मी खायच्या. त्याला गणितात भोपळा मिळाला की माझा मुडदा बसायचा, आणि तो दाराशी उभा राहून मन लावून ऐकायचा. कधी कधी "आणखी?" असं मला खुणेनं विचारायचा. बाबा म्हणत, या घरात एक पोरगी जेवते दोघांचं. मला राग यायचा नाही असं नाही, पण ते ओझं मी कुणाला देऊही दिलं नसतं. मायनं नवस शेवटपर्यंत पाळला. गजूला रायपूरला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, छातीचं मोठं ऑपरेशन झालं. त्याला ती बाळाच म्हणत राहिली. फक्त त्याचा फोन आला की ती आधी मला जवळ बसवून घ्यायची.

माय गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि गजू निघायच्या आधी बेशाला माझ्याकडे आला. घरात आम्ही दोघंच. मी त्याला गोळाभात वाढला, कढी वाढली. हात धुऊन तो दाराशी आला, चपला पायात घातल्या, पण निघेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढऱ्या मिशा, आणि तसाच उभा.

"ताई," तो म्हणाला. "माह्या वाटच्या सगळ्या तुह्यापाशी आहेत. एक दे."

नवसाचं मी त्याला मोठेपणी सांगितलं होतं. त्याला माहीत होतं तो काय मागत होता. मी तोंड उघडलं आणि माझी जीभ उचलेना. रायपूरचा रस्ता, त्याची ती शिवलेली छाती, बाहेर टळटळीत ऊन. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ जन्मभर शिकवलेली मी बाई, आणि मला शब्दाची भीती वाटली. मायसारखं कुणा दुसऱ्याकडे वळून बोलावं म्हणून मी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

मग मी दिली. त्याच्या तोंडावर दिली, मायच्या आवाजात, नटवून, लांबलचक. तो डोळे मिटून उभा होता. संपल्यावर त्यानं मान हलवली आणि जिना उतरून गेला.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. माझं ताट तसंच झाकलेलं होतं आणि मी फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. अखेर तो वाजला.

"पोचलो वं ताई," गजू म्हणाला. "मेलो नाही."

तेव्हा कुठं मी जेवायला बसले.